बाळंतिणीची जागा

उलारनं स्वयंपाकघरातलं तळघराचं झाकण उचललं आणि खालून सफरचंदं एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. सफरचंदं आम्ही फळीवर पेंढ्यात निजवून ठेवली होती, ती आपणहून आपटायला लागतील असं काही कारण नव्हतं. मी पलीकडच्या खोलीत गादीवर बसून बाळाला पाजत होते. बाहेर थुंकलं तर खडा होऊन पडावा अशी थंडी होती, आणि अशा थंडीत तळघरात पाणी येतं ते एकाच वाटेनं येतं.

"किती आहे रे?" एनेंनी विचारलं. एने म्हणजे माझी सासू. त्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात सुनेनं घ्यायचं नसतं. नवऱ्याचंही घ्यायचं नसतं म्हणतात, पण उलारला कोण विचारतो.

"खालच्या दोन पायऱ्या बुडाल्यात," उलार म्हणाला. "बेण्याचे बटाटे सगळे खालीच आहेत."

"बटाट्यांच्या मागे उडी टाकशील हं. आधी दिव्याची तार काढ. भिजल्या तारेनं माणूस कोळसा होतो."

खाली फळं आपटत राहिली. माझ्या खोलीचा अर्धा भाग त्या तळघरावरच होता आणि माझी गादी नेमकी त्या अर्ध्यात, चुलीच्या भिंतीला लागून. ऊब तिथेच येते म्हणून एनेंनी निवडलेली जागा. बाळाचं डोकं माझ्या दंडावर होतं आणि माझ्या मांडीखाली, दोन फळ्या आणि वीतभर मातीच्या खाली, काळं पाणी हलत होतं. मला ते दिसत नव्हतं, म्हणून जास्त दिसत होतं.

आमचं घर कच्च्या विटांचं. सासऱ्यांनी स्वतः चिखलात पेंढा तुडवून, उन्हात वाळवून त्या पाडल्या होत्या. असलं घर कोरडं आहे तोवर दगडाला भारी. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण बुडाशी भिजलं की वीट पुन्हा चिखल होते, तिला आपलं मूळ आठवायला वेळ लागत नाही.

गल्लीच्या वरच्या अंगानं पाट जातो. हिवाळा लागला की त्याच्या तोंडाची फळी पूर्ण खाली सोडून पाणी बंद करायचं, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. पण सगळ्यात वरचं घर जपारचं, आणि जपारच्या मेंढ्या. विहिरीचं पाणी शेंदून मेंढ्यांना पाजायचं तर त्याची कंबर दुखते. म्हणून तो फळी चार बोटं उचलून ठेवतो. एरवी चालून जातं. चिल्ल्यात, म्हणजे हिवाळ्याच्या सगळ्यात कडक दिवसांत, पाट तळापासून गोठत वर येतो. खालून थर चढतो, पाणी वर ढकललं जातं, काठावरून उतरतं आणि बर्फाखालून, कुणाला न दिसता, उताराला लागतं.

आणि त्या पाण्याला आमच्या घराची वाट दाखवली ती आम्हीच. बाळंतिणीच्या खोलीला ऊब हवी म्हणून एनेंनी उलारकडून भिंतीला बाहेरून कमरेइतकं शेणखत रचून घेतलं होतं, वर बर्फ थापला होता. गावात सगळेच थापतात. खत आतून गरम राहतं, भिंत गारठत नाही. पण मग खताखालची जमीनही गोठत नाही. बाकी सगळी जमीन लोखंड झालेली, मऊ जागा तेवढी एकच. पाणी काय मूर्ख आहे? ते तिथेच शिरलं.

उलारनं सकाळभर जिवाचं रान केलं. पाटातला बर्फ कुदळीनं फोडला, काठ बांधला, भिंतीजवळचं खत आणि बर्फ फावड्यानं ओढून लांब टाकला. बर्फ खणखणीत आवाज करत फुटायचा, मग त्याचा श्वास ऐकू यायचा, मग पुन्हा कुदळ. बटाट्यांची अर्धी पोती त्यानं पायरीवर पालथं पडून, आकडीनं ओढून वर काढली. कुणी सांगायला नको, ती त्याच्या बापाची सवय, घर बुडालं तरी बेणं आधी. पाट बांधला तरी तळघरातलं पाणी हटलं नाही. जमिनीनं जेवढं पिऊन घेतलं होतं तेवढं ती आता सावकाश आत सोडत होती.

दुपारपर्यंत माझ्या उशाशी भिंतीचा चुना तळाकडून काळा पडला. मग एक नवा आवाज सुरू झाला. डुबुक. थोड्या वेळानं पुन्हा, डुबुक. तळघराच्या भिंतीचा तुकडा सुटून पाण्यात पडत होता.

"एने," मी म्हणाले, "आपण इथून निघू या. सोनुन एजेंकडे जाऊ." सोनुन ही जपारची बायको. एजे म्हणजे मोठी बहीण, तितक्याच वयाची आणि खरोखर तशीच मायाळू.

एनेंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाळाला बर्फात पुरायला निघाले होते. "चाळिशी व्हायची आहे त्याची, चाळीस दिवस भरलेत का जन्मून?"

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर तोंडातून काढलंस कशाला? बाहेरची थंडी बघितलीस? आणि ती काय झोपलीय का?"

ती म्हणजे अल्बर्स्ती. पिवळ्या केसांची बाई, बाळंतिणीच्या छातीवर बसते, तिचं फुप्फुस काढून नेते आणि पाण्यात बुडवते. फुप्फुस पाण्याला लागलं की बाळंतीण संपली, मग पोराला कोण वाचवणार. माझ्या उशीखाली तिच्यासाठी सुरी होती, उशाशी नान होता, कोपऱ्यात दिवा रात्रंदिवस तेवत होता. हे सगळं करूनही माझी आधीची दोन मुलं चाळिशीपर्यंत पोचली नव्हती. म्हणून याचं नाव तुरसुन ठेवलं, म्हणजे 'राहू दे'. पहिल्याला चाळिशीआधीच दवाखान्यात न्यावं लागलं होतं, कडाक्याच्या थंडीत, ट्रकच्या मागच्या उघड्या फळीवर बसून. तो परत आला नाही. दुसरीला आम्ही कुठेही नेलं नाही, तीही गेली. एने फक्त पहिल्याचं बोलायच्या.

मला खरं तर अल्बर्स्तीची चेष्टा करायची सवय. शाळेत शिकले होते, शहरात दोन वर्षं काढली होती. पण त्या दुपारी फळ्यांखाली पाणी हलत असताना चेष्टा सुचली नाही. एने दर थोड्या वेळानं येऊन दिव्याची वात वर करत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. तिला पाणी लागतं, आणि पाणी घरात आलं होतं. त्यांनी ते तोंडानं म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. आम्ही दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि एकमेकींवर डाफरत होतो.

जपार आला तो पंप घेऊनच. उन्हाळ्यात बागेला पाणी देतो तो, पेट्रोलवर चालणारा. बरोबर गल्लीतले दोघे-तिघे. लाज वाटत असणार, पण ती त्यानं टोपीखाली घालून आणली होती.

"ये जपार, ये," एने स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मेंढ्या प्यायल्या का पोटभर? आणतोस का इकडे? आमचं तळघरही पिऊन टाकतील."

"एजे, मी काय मुद्दाम केलं? फळी गोठून बसली, खाली जाईना."

"तुझी जीभ बरी नाही गोठली."

"आता उपसून देतो ना. संध्याकाळच्या आत तळ दाखवतो तुम्हाला. मग बोला हवं ते."

पंप अंगणात मांडला, एक नळी खिडकीतून तळघरात सोडली, दुसरी खालच्या शेतापर्यंत नेली. उलार तिच्या टोकाशी जाऊन उभा राहायचा होता, तोंडाशी बर्फ धरला तर फोडायला. पंप खोकला, मग धडधडू लागला. जमीन माझ्या गादीखाली थरथरायला लागली आणि तुरसुन दचकून रडला.

माझे वडील विहिरी खणायचे. कोरड्या गावात वाढले मी, वडिलांच्या खड्ड्याच्या काठावर बसून. ते नेहमी एक गोष्ट सांगायचे, भरल्या विहिरीची बाजू ढासळत नाही, उपसलेलीची ढासळते. पाणी आतून टेकू देतं. मला ते आता आठवलं. बाहेरची जमीन पाणी पिऊन फुगली होती आणि भिंतीला आत रेटत होती. आतलं पाणी होतं म्हणून भिंत अजून उभी होती, आणि ते पाणी हे लोक काढून टाकत होते.

मी पडद्याआडूनच हाक मारली. "उलार, एकदम उपसू नका. आज हातभर काढा, उद्या हातभर. भिंत आत येईल."

पंपाच्या आवाजावरून जपारचं हसू ऐकू आलं. "सूनबाई, तुम्ही शोरबा प्या आणि पोराला पाजा. पंपाचं आम्ही बघतो."

"जपार बाइके," थोरल्या दिराला म्हणतात तसं मी म्हणाले, "माझे वडील..."

"पंप थांबवला तर नळीतलं पाणी गोठेल," तो म्हणाला, आता न हसता. "गोठली की फाटली. एकदा सुरू केला तो तळ दिसेपर्यंत. हा उन्हाळा आहे का, हवं तेव्हा चालू नि हवं तेव्हा बंद करायला?"

खरं होतं त्याचंही. तेच तर भयंकर होतं. उलार आत डोकावला, माझ्याकडे बघितलं, भिंतीच्या काळ्या डागाकडे बघितलं. तो हसला नाही, पण त्यानं पंपही थांबवला नाही. "लवकर होईल," एवढं म्हणून तो शेताकडे गेला.

पाणी उतरू लागलं तसा आवाज बदलला. डुबुक यायचं बंद झालं. त्याऐवजी, थप. ओल्या चिखलावर चिखल पडल्याचा. डुबुक ऐकताना मला निदान कळत होतं की खाली पाणी आहे. आता प्रत्येक थपला मी श्वास धरत होते आणि मोजू नये म्हणून बाळाच्या कानाशी काहीबाही गुणगुणत होते. सफरचंदं गप्प झाली होती.

एने वाडगा घेऊन आल्या तर खोलीचं दार उघडेना. अर्धं उघडलं आणि जमिनीला घासून अडलं. त्यांनी खांदा लावून रेटलं तेव्हा आत येता आलं, थोडा शोरबा सांडला.

"सकाळी उघडत होतं ना हे?" मी विचारलं.

"लाकूड फुगलं असेल."

"थंडीत लाकूड फुगत नाही, एने. आकसतं. चौकट वाकडी झालीय."

त्यांनी चौकटीकडे पाहिलं. त्यांच्या नवऱ्यानं बसवलेली चौकट. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पी गरम आहे तोवर."

वाडगा मी खाली ठेवला. तो ठेवल्या जागी राहिला नाही. हळूच, कुणी बोटानं ढकलावा तसा, भिंतीकडे सरकला. आम्ही दोघींनी ते पाहिलं. मी उठले, बाळाला छातीशी घेतलं आणि दाराकडे निघाले. लग्न झाल्यापासून त्या बाईंपुढे मी आवाज चढवला नव्हता. मनात मात्र रोज चढवत होते.

एने दारात उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला लावून. बुटक्या होत्या त्या, माझ्या खांद्याला लागायच्या, पण त्या दिवशी दार त्यांनी पूर्ण भरून टाकलं होतं.

"उंबरा ओलांडायचा नाही."

"भिंत पडणार आहे."

"माझ्या नवऱ्यानं बांधलीय ती. एवढ्यात पडणार नाही." त्यांनी चौकट आणखी घट्ट धरली. "पहिल्याला नेला तेव्हा मी गप्प बसले. या वेळी बसणार नाही. नेलंस की संपलं. माझं ऐक सादत, एवढं एक ऐक."

त्या कधी मला नावानं हाक मारत नसत. मी म्हणाले, "दुसरीला आपण कुठेच नेलं नव्हतं, एने. ती याच खोलीत गेली. सुरी होती, दिवा होता, तुम्ही होतात."

हे घरात कधी कुणी बोललं नव्हतं. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता त्या मला मारतील. बाहेर पंप धडधडत होता. मग, थप, आणि या वेळी माझ्या पायाखालची फळी किंचित दबली. त्यांनाही कळलं असावं. त्यांचा एक हात चौकटीवरून खाली आला.

"थांब," त्या म्हणाल्या. "अशी नाही जायचं."

आणि मग त्यांनी जे केलं ते इतक्या झटपट की मला वाटलं, मनातून त्यांचं आधीच ठरलं होतं. तुरसुनला दुलईत, दुलईवर लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलं. स्वतःचा मेंढीच्या कातड्याचा कोट मला घातला आणि बाळाला त्याच्या आत माझ्या पोटाशी बांधलं. माझ्या डोक्याचा पांढरा रुमाल सोडला. "हा घामेजलाय, गार लागेल," म्हणत आपली लोकरी शाल माझ्या डोक्याला आवळून बांधली. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

"चला तुम्हीपण," मी म्हणाले.

"तू पुढे हो. चुलीतला विस्तव काढून येते. पेटती चूल टाकून घर सोडतात का कुणी?"

दाराबाहेर जपारनं मला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाळंतीण चाळिशीआधी बाहेर म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली, माझ्याकडे बघायचं नाही म्हणून. उलार शेताकडून धावत आला. त्यानं मला उचललं आणि चढणीवरून जपारच्या घरी नेलं. थंडी नाकातून सरळ मेंदूत गेली. कोटाच्या आत बाळ हलत होतं की नाही हे मला कळत नव्हतं, आणि उघडून बघायची हिंमत नव्हती. ती चढण उंचीनं काही नाही, मेंढ्या धावत चढतात. पण मी आयुष्यात एवढी कधी भ्याले नव्हते. दर पावलाला वाटायचं, एने म्हणाल्या तेच खरं, मीच माझ्या पोराला मारायला निघालेय.

सोनुन एजेंनी आम्हाला आत ओढलं, गुंडाळी उलगडली. तुरसुननं डोळे किलकिले केले, तोंड वेडंवाकडं केलं आणि मोठ्यानं रडला. ते रडणं ऐकून मी मटकन खाली बसले. उलार हसला, डोळे पुसत मागे फिरला, नळी गोठू नये म्हणून.

"एने येताहेत ना?" सोनुन एजेंनी चहात दूध ओतत विचारलं.

"विस्तव काढून येते म्हणाल्या." मी बाळाला पाजायला घेतलं. "त्यांची शाल आहे ही. माझा रुमाल काढून घेतला, घामेजला होता म्हणून."

सोनुन एजेंचा हात थांबला. त्या आणि एने एकाच गावच्या, वरच्या खोऱ्यातल्या. "रुमाल स्वतःकडे ठेवला?"

"हो. का?"

त्यांनी किटली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"एजे, काय झालं?"

"आमच्याकडची जुनी रीत आहे, कुणी पाळत नाही आता. चाळिशीआधी बाळंतिणीला घर सोडावंच लागलं तर तिची जागा मोकळी ठेवत नाहीत. मोकळी दिसली तर ती बाई मागोमाग येते. म्हणून घरातली म्हातारी बाळंतिणीचा रुमाल बांधते आणि तिच्या अंथरुणात निजते. दिवस मावळेपर्यंत."

मी खिडकीकडे वळले. जपारच्या खिडकीतून आमचं छप्पर आणि धुराडं दिसतं. विस्तव काढला असता तर धूर विरळ झाला असता. धूर दाट येत होता, काळा, नुकता कोळसा घातल्यासारखा. माझ्या सासूनं माझ्या जागी निजण्याआधी खोली उबदार करून घेतली होती.

"पळा," मी म्हणाले. "एजे, पळा, त्यांना बाहेर काढा. पंप थांबवायला सांगा."

त्या तशाच घरातल्या कपड्यांत पळाल्या. मी बाळाला अंथरुणावर ठेवलं आणि दारापर्यंत गेले. बाळाला चाळिशीआधी एकटं सोडायचं नसतं. मी परत आले. त्याला उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा दारापर्यंत गेले. मग मी गेले नाही. पोराला छातीशी धरून खिडकीशी उभी राहिले आणि सोनुन एजेंना उतरणीवर घसरताना, पडताना, उठताना बघत राहिले. त्यांचा आवाज पंपाच्या धडधडीत पोचत नव्हता. जपार त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. उलार लांब शेतात, बर्फ फोडत होता.

त्या अंगणात पोचल्या तेव्हा आमचं धुराडं वाकलं. आधी थोडंसं, कुणाला नमस्कार करावा तसं. मग आत गेलं. मोठा आवाज झाला नाही. कुणी पिठाचं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच झाला. धुरळा आणि धूर एकत्र वर आला आणि त्यातून दिसेनासं झालं. पंप चालूच होता. कितीतरी वेळ तो तसाच चालू होता, कारण तो बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

अर्धी खोली तळघरात गेली होती. दुसरी अर्धी, जिथे दार होतं, ती शाबूत होती. लोकांनी एनेंना हातांनी उकरून काढलं, फावडं लावायला कुणी धजेना. उलार त्या चिखलात मांड्यांपर्यंत उतरला होता. मला नंतर सोनुन एजेंनी सांगितलं, की एने माझ्या दुलईत हनुवटीपर्यंत पांघरून घेऊन होत्या, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, मी निजते तशा. पांढरा रुमाल नीट बांधलेला होता. दुलईत त्यांनी उशी घेतली होती छातीशी, बाळासारखी. मला हे सांगायला नको होतं. पण मी विचारलं होतं, आणि त्या खोटं बोलू शकत नाहीत.

जपारनं पंप पाटात फेकला. सगळ्या गावासमोर गुडघ्यावर बसून तो उलारची क्षमा मागत होता आणि उलार त्याच्याकडे बघतही नव्हता. तरी आम्ही वसंतापर्यंत जपारच्याच घरी राहिलो, दुसरं कुठे जाणार. रोज सकाळी जपार विहिरीचं पाणी शेंदून मेंढ्यांना पाजायचा. कंबर धरून, कण्हत. मला त्याची कीव आली नाही. रागही आला नाही. मला आता फक्त भीती वाटायची. त्याला नव्हे, सगळ्यालाच.

तुरसुन राहिला. त्याच्या चाळिशीला गल्लीतल्या बायका जमल्या. चाळीस चमचे कोमट पाणी बाळावर घालायचं असतं, सगळ्यात मोठ्या बाईच्या हातून. सोनुन एजेंनी तपेलं आणलं, पाण्यात चांदीची अंगठी टाकली. शेजारच्या म्हातारीनं चमचा घेतला.

"आण ग त्याला," म्हातारी म्हणाली.

मला उठता येईना. गादीवरून अंगच सुटेना. बायकांना वाटलं अशक्तपणा, सोनुन एजे हात द्यायला पुढे आल्या.

"एजे," मी हळू म्हणाले, "जागा मोकळी राहील."

त्या समजल्या. मी इतकी वर्षं ज्या गोष्टींना हसत आले, त्यातल्या एकीला आज घट्ट धरून बसले होते, आणि माझ्या जागी कुणाला बसवायचा विचारही सहन होत नव्हता. दोन्ही बाजूंनी भीती. एकही बाई तोंड लपवून हसली नाही.

"झाली ना आज चाळिशी," सोनुन एजे म्हणाल्या. "आता मोकळी ठेवली तरी चालते."

बाळाची झाली होती. गेलेल्या माणसाचीही चाळिशी असते. एनेंची अजून व्हायची होती, त्या दिवसाला अजून अवकाश होता, तेव्हा मेंढी कापायची होती, कुराण म्हणायचं होतं. मी त्यांचा हात धरून उठले. त्यांनी माझी गादी गुंडाळली तशी खालची जमीन उघडी पडली. मी उभी राहून कान दिला. जपारच्या घराखाली तळघर नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी ऐकलं. मग पोराला पाण्याकडे नेलं.